भाव आधी, पाऊल मागून

आमच्या पारनेर तालुक्यात लग्नसराई आली की तिच्या मागोमाग घरोघरी जागरणाची गडबड सुरू होते. पिंपळगाव रोठ्याचा कोरठण खंडोबा हे या भागाचे मोठे दैवत. पौष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते, भंडारा उधळला जातो, आणि ओळखीची माणसे ओळखू येणार नाहीत इतकी पिवळी होतात. परंतु आज मला बोलायचे आहे ते यात्रेविषयी नव्हे, घरच्या अंगणातल्या जागरणाविषयी, आणि त्यावरून पुढे आपल्या नाचाच्या इतिहासाविषयी.

जागरण आपण सर्वांनी पाहिले आहे. उसाची पाच ताटे उभी करून त्यांच्याखाली चौक भरतात, दिवटी पेटते, वाघ्या दिमडीवर थाप मारतो, साथीदार तुणतुणे छेडतो, आणि मुरळी हातात घाटी घेऊन उभी राहते. पहाटेपर्यंत हे चालते. आपण गाणे ऐकतो, कथेला हसतो, मधेच एखादी डुलकीही काढतो. मुरळीच्या अंगाकडे मात्र बारकाईने पाहणारे थोडे. एकदा मुद्दाम पाहावे. सुरुवातीला गावोगावच्या देवांना जागरणाला बोलावतात. त्या वेळी तिचे पाऊल जमिनीवरून जेमतेम सुटते, घाटी संथ वाजते, मान किंचित खाली, डोळे अर्धे मिटलेले. पुढे खंडोबा धनगरांच्या बानूसाठी चाकर होऊन राहिला, ती कथा लागते. बानूचे गाणे आले की तीच बाई पदराचे टोक बोटांत धरते, गुडघ्यात थोडी लवते, एक खांदा पुढे येतो. आणि म्हाळसेला सवतीचा सुगावा लागला, की हनुवटी वर जाते, पाठ ताठ होते, टाच जमिनीवर आपटते. बाई तीच, दिमडी तीच, अंगण तेच. अंग मात्र तीन तऱ्हांनी बोलले.

अशाच एका जागरणानंतर, पहाटे चहा घेताना, मी एका वयस्क वाघ्याला विचारले, "बाबा, ही पावलं तुम्ही शिकवता तरी कशी?"

बाबा हसले. म्हणाले, "पाऊल कशापायी शिकवायचं, सर? म्हाळसा कोण अन् बानू कोण, एवढं पोरीला उमगलं पायजे. म्हाळसा रागावली का पाय आपसूक आपटतो."

माझ्या आजच्या भाषणाचा सगळा मुद्दा बाबांच्या या उत्तरात आला. आपल्या परंपरेत आधी भाव असतो, पाऊल त्याच्या मागून येते. कोणता अवयव हलवायचा, किती हलवायचा, आणि कोणता मुद्दाम स्थिर ठेवायचा, हे भाव ठरवतो. ही काही एकट्या बाबांची अटकळ नव्हे. या विचाराला फार जुना इतिहास आहे. आणि ही विद्या ज्यांनी अंगावर सांभाळली त्यांच्याशी समाज म्हणून आपण कसे वागलो, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. भरतमुनींचे नाट्यशास्त्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. त्यात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे एक अंगाचा, दुसरा वाणीचा, तिसरा वेशभूषेचा आणि चौथा मनाचा. या चौथ्या प्रकारात आठ सात्त्विक भाव येतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. नावे जड वाटली तरी अनुभव आपल्या घरातलेच आहेत. जागच्या जागी खिळणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज बदलणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग उडणे, डोळ्यांत पाणी येणे आणि शुद्ध हरपणे. आता गंमत पाहा. हात वर कर म्हटले तर कोणीही करील. पण अंगावर काटा आण म्हटले तर येईल का? तो हुकमाने येत नाही. त्यासाठी मनच त्या जागी न्यावे लागते. म्हणून भरताने नुसत्या हातापायांच्या हालचाली मोजून समाधान मानले नाही. डोळ्यांच्या छत्तीस दृष्टी त्याने सांगितल्या, आणि त्यांची वाटणी रसांप्रमाणे व भावांप्रमाणे केली.

हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवरही नांदला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला देवगिरीचा किल्ला, ज्याला आपण दौलताबाद म्हणतो, तिथे तेराव्या शतकात यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. मूळचे घराणे काश्मीरचे, काम राजाच्या हिशेबखात्याचे, आणि ग्रंथ लिहिला संगीतावर! त्याच्या 'संगीतरत्नाकरा'चे सात अध्याय आहेत. सातवा अध्याय नर्तनाचा आहे. मस्तक, हात, कंबर, पाय, दृष्टी, भुवई, एकेका अवयवाच्या हालचाली त्यात सांगितल्या आहेत, आणि कोणती कोणत्या भावाला शोभते याचाही विचार आहे. आमच्या वाघ्याबाबांनी हा ग्रंथ पाहिलेला नाही. पण ग्रंथातला विचार आणि बाबांचा अनुभव एकमेकांना ओळखतात, एवढे खरे.

आता दरबारातून फडावर येऊ. उत्तर पेशवाईत लावणीला बहर आला. पारनेरच्या उत्तरेला संगमनेर. तिथले अनंत फंदी १७४४ ते १८१९ या काळातले. सोलापूरचे राम जोशी १७६२ ते १८१२ या काळातले. होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे तर आपल्याला पाठच आहेत. या शाहिरांनी शब्द दिले. शब्दांना अंग देण्याचे काम नाचणाऱ्यांनी केले. शब्द कागदावर उतरले, म्हणून शाहिरांची नावे राहिली. अंगावरची विद्या कागदावर उतरत नाही. ती पाहून शिकावी लागते. त्यामुळे नाचणाऱ्यांची नावे बहुतेक हरवली.

लावणी सादर करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक फडावरची, म्हणजे उभ्याने नाचण्याची. ढोलकीचा तोडा, घुंगरांचा ठेका, हलगीची कडकड. हिचा जोर पायांत आणि कमरेत. दुसरी बैठकीची. इथे नाचणारी बाई चक्क खाली बसते. नऊवारीचा घोळ भोवती पसरते, एक गुडघा उभा करते आणि गाऊ लागते. साथीला पेटी आणि तबला. आता कोणी विचारील, नाचायचे सोडून बसायचे, हा कसला नाच? त्याचे उत्तर असे, की पाय थांबवले म्हणजे भावाला वर चढण्याखेरीज वाटच उरत नाही. तो कमरेतून पाठीत, पाठीतून खांद्यात, मनगटात, बोटांत आणि शेवटी डोळ्यांत येतो.

समजा, लावणीच्या एका ओळीचा अर्थ एवढाच आहे, की सखा अजून आला नाही. बैठकीची कसलेली गायिका ती ओळ एकदा म्हणून सोडत नाही. पहिल्या वेळी तिची नजर दाराकडे जाते. दुसऱ्या वेळी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले जातात. तिसऱ्या वेळी एक भुवई वर चढते. मनात संशय आला. चौथ्या वेळी मान फिरते, पाठ होते, राग आला. पाचव्या वेळी तळहात मांडीवर उताणा पडतो. म्हणजे, न येईना का! शब्द एकच, चालही तीच. बदलला तो भाव, आणि त्याने दर वेळी वेगळा अवयव हाताशी धरला. यालाच लावणीवाले 'अदा' म्हणतात. अदा म्हणजे डोळे मारणे, असा आपला पुष्कळांचा समज आहे. तो अदेवर अन्याय करणारा आहे.

तमाशाच्या जुन्या काळी स्त्रीचे काम पुरुषच करीत. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. पुढे स्त्रिया फडावर उभ्या राहू लागल्या, त्यांत पहिले गाजलेले नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णा कुलकर्णी, १८६६ ते १९४५ या काळातले, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशासाठी त्यांनी घरदार आणि जात सोडली. ते लिहीत आणि पवळा ते उभे करी. बापूरावांच्या त्यागाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. दलित समाजात जन्मलेल्या पवळेने काय सोसले असेल, हे फारसे कोणी विचारीत नाही.

तेच मुरळीचे. देवाला मुलगी वाहण्याच्या प्रथेने किती मुलींच्या आयुष्याचे मातेरे झाले! मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने अशा प्रथेवर अधिक कडक बंदी आली. ही बंदी योग्यच होती. आज जागरणात गाणाऱ्या कलावंतीण बायका कलेवर पोट भरतात; त्यांना देवाला वाहिलेल्या समजू नये. प्रथा वाईट म्हणून विद्या वाईट ठरत नाही. हा भेद करायला मात्र आपण फार वेळ लावला.

१९४८ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली. अश्लीलता हे कारण होते, आणि त्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. पण त्या एका फटक्यात कितीतरी फडांची चूल थंडावली. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि अटी घालून तमाशा पुन्हा उभा राहिला. वगाची संहिता तपासण्याची पद्धत आली. परंतु श्रोतेहो, संहितेत तपासता येतात ते शब्द. पाठ फिरवून राग दाखवणारी मान कोणत्या कागदावर तपासणार?

या काळातली सर्वांत मोठी कलावंत म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, मृत्यू २००२. त्यांचे नारायणगाव आमच्या पारनेरपासून लांब नाही. गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथेच ठरतात. विठाबाईंना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांच्याविषयी एक हकीकत सबंध महाराष्ट्रात सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मधेच कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पदर खोचून पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या.

ही हकीकत ऐकून आपण तोंडात बोट घालतो. पण तिने माझ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा केला. भाव आधी आणि पाऊल मागून, असे जर असेल, तर त्या रात्री त्यांच्या अंगात होत्या वेणा, आणि फडावर दिसला तो शृंगार, हे कसे? विचार करता उत्तर असे सुचते. नाचातला भाव म्हणजे नाचणाऱ्याचे त्या दिवसाचे सुखदुःख नव्हे. वर्षानुवर्षे गाणे, कथा, माणसे पाहून मनात साठवलेला तो भाव असतो, आणि हाक मारली की तो अंगात येतो. स्वतःचे रडू आले म्हणून रडणे ही कला नव्हे. स्वतःचे रडू बाजूला ठेवून बानूची लाज अंगात आणणे, ही कला. विठाबाईंनी ते केले. त्याची त्यांना कोणती किंमत मोजावी लागली याचा हिशेब मात्र प्रेक्षकांतल्या कोणी ठेवला नाही. त्यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. त्यांच्या मृत्यूनंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांचे उदाहरण याच मालिकेतले. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्म, लहानपण अठराविश्वे दारिद्र्यात. बैठकीच्या लावणीत त्यांनी अदेची जुनी रीत अखेरपर्यंत सांभाळली. वय झाल्यावर नाचणाऱ्याचे पाय थकतात, हे खरे. पण बैठकीची विद्या पायांवर अवलंबून नसल्याने म्हातारपणीही त्यांचा हात आणि डोळा बोलत राहिला. पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. २०१८ साली त्या गेल्या.

हे सारे आपल्याकडेच घडले असे नाही. आता थोडे दूर, आशियाच्या पूर्व टोकाला, कोरियात जाऊन पाहू. तिथे 'साल्पुरी' नावाचा एक नाच आहे. 'साल' म्हणजे माणसाला लागलेली पीडा, आणि 'पुरी' म्हणजे ती सोडवणे. आपल्याकडे जसे जागरण-गोंधळ, तसे तिकडे देवऋषी बायकांचे विधी असतात. त्यांतून या नाचाचा उगम सांगतात. नाचणारी पांढऱ्या पोशाखात, हातात लांब पांढरे वस्त्र घेऊन उभी राहते. बराच वेळ काही घडतच नाही असे वाटते. घडत असतो तो श्वास. श्वास आत गेला की खांदे किंचित चढतात, सुटला की उतरतात, आणि त्या श्वासाबरोबर वस्त्र हवेत उचलले जाते. मधेच ते जमिनीवर पडते. ती त्याच्यापुढे बसते, सावकाश ते उचलून घेते. कोरियन लोक मनात साचलेल्या जुन्या दुःखाला 'हान' म्हणतात. ते हान हळूहळू मोकळे होते आणि शेवटी अंगात एक उल्हास येतो. त्याला ते 'हुंग' म्हणतात. स्थिरतेच्या पोटात गती असावी, असे तिथले नाचणारे मानतात. आपल्या बैठकीच्या लावणीचे वर्म याहून वेगळे आहे का? आपला भाव डोळ्यांत आणि बोटांत उतरतो, त्यांचा श्वासात आणि खांद्यांत. नियम एकच.

आणि इतिहासही सारखाच. तिकडेही नाचणाऱ्या गणिका, देवऋषी आणि वाजंत्री हे हलक्या दर्जाचे मानले जात. १८९४ च्या सुधारणांनी जन्माचे हे दर्जे कायद्याने गेले, तरी मनातून लगेच गेले नाहीत. हान सोंग-जुन नावाच्या ढोलवादकाने १९३० नंतरच्या दशकात, देशावर जपानचे राज्य असताना, हे नाच एकत्र करून रंगमंचावर आणले. पुढे १९६२ साली दक्षिण कोरियाने सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. त्याखाली 'सुंगमू' या भिक्षूच्या वेशातल्या नाचाला १९६९ मध्ये आणि साल्पुरीला १९९० मध्ये राष्ट्रीय मान्यता मिळाली. या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जाणत्या कलावंताला तिथे दरमहा मानधन देतात, आणि त्याबरोबर शिष्य तयार करण्याची जबाबदारीही देतात. आपल्याकडे सन्मान होतो तो बहुधा केस पिकल्यावर, आणि हार घातला की कार्यक्रम संपतो. विद्या पुढे कोणाच्या अंगात गेली, हे विचारायचे राहून जाते.

मधल्या काळात चित्रपटाने लावणी घरोघर नेली. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा' लोकांनी डोक्यावर घेतले. चित्रपटाने लावणीला लौकिक दिला, हे कबूल केले पाहिजे. परंतु कॅमेरा एकदा नुसते डोळे दाखवतो, एकदा नुसते पाय. फडावरची बाई सबंध दिसते. तिच्या डोळ्यांत आणि पायांत एकच भाव वाहताना दिसतो. चित्रपट पाहून शिकणाऱ्याच्या हाती सुटे सुटे तुकडे लागतात, आणि उचलायला सोपे असतात ते पायांचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. शाळांच्या स्नेहसंमेलनांत परीक्षक म्हणून बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. मुली सुरेख नऊवारी नेसतात, एक-दोन-तीन-चार मोजून पावले टाकतात, एकही पाऊल चुकत नाही. आणि डोळे मात्र शेवटपर्यंत पडद्याआड उभ्या असलेल्या बाईंकडे, पुढचे पाऊल कोणते ते पाहण्यासाठी! दोष मुलींचा नाही. आपण त्यांना गणती शिकवली, गाण्याचा अर्थ सांगितला नाही.

पुढच्या खेपेला एवढे करून पाहा. नाच बसवण्याआधी दोन दिवस नुसते गाणे समजावून सांगा. ही बाई कोण, कोणाची वाट पाहते, रागावली तर कोणावर? मग मुलींना खाली बसवा, पाय हलवायचे नाहीत असे सांगा, आणि एकच ओळ पाच भावांनी करून दाखवायला लावा. कोणी हात उचलील, कोणी मान फिरवील. ज्याचे त्याला सुचू द्या. पावले त्यानंतर. आणि जमल्यास गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या एखाद्या जुन्या वाघ्याला, गोंधळ्याला, तमाशात आयुष्य काढलेल्या बाईला शाळेत बोलवा. खुर्ची द्या, चहा द्या, आणि मुलांसमोर 'तुम्ही' म्हणून बोला. नारळ देऊन बोळवण न करता मुलांना त्यांच्याकडून काहीतरी शिकू द्या.

आमच्या वाघ्याबाबांना मी त्या पहाटे विचारले होते, की तुमच्या मागे हे कोण करणार? बाबांनी दिमडी फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "पोरं वाजवत्यात की. पर म्हाळसेची कथा सांगा म्हणून कोन बसतंय?" एवढे बोलून ते दुसऱ्या गावच्या जागरणाला निघाले.

कथा सांगायला बाबा अजून तयार आहेत. तेव्हा पुढच्या जागरणात डुलकी येऊ लागली, तर जरा आवरा, आणि म्हाळसा रागावते तेव्हा तिच्या टाचेकडे पाहा. शेजारी घरातले एखादे मूल जागे असेल, तर त्यालाही दाखवा.